पुढचे घर

हाक आपल्याला असेल असे त्याला वाटलेच नाही. हाका नेहमी दुसऱ्या कुणाला तरी असतात, आणि आपण वळून पाहिले तर ओशाळे व्हावे लागते, या समजुतीवर त्याने आजवरचे दिवस काढले होते. तो झेरॉक्सच्या दुकानाबाहेर उभा होता. आत यंत्र त्याच्या प्रबंधाच्या पानांना भोके पाडत होते, आणि प्रत्येक ठोक्याला त्याच्या दाढेत उगाच कळ येत होती. "अहो पिशवीवाले," पुन्हा हाक आली, "निळी पिशवी!" तेव्हा त्याने खाली पाहिले. पिशवी निळीच होती.

शेजारच्या इमारतीत, तळमजल्यावरच्या खिडकीच्या जाळीमागे एक म्हातारी बाई बसली होती. पांढरे केस बारीक कापलेले, चष्म्याला दोरी. "तुम्हीच ना ते पाहणीवाले?" ती म्हणाली. "मागे आला होतात. दार वाजवलंत आणि पळालात."

"पळालो नाही," तो म्हणाला. "म्हणजे, दार बंद होतं."

"बंद कुठलं, मी येत होते की! त्या खुर्चीपर्यंत आले होते." तिने आत कुठेतरी बोट दाखवले, जणू ती खुर्ची त्याच्याही ओळखीची असावी. "ओरडलेसुद्धा, 'ठेवू नका, लाइनवर थांबा' म्हणून. जुनी सवय हो. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हयात गेली. तेव्हा माझा आवाज समुद्रापार जायचा, आता दारापर्यंत जात नाही. शेवटी खिडकीशी आले तर तुमची पिशवी वळणावर दिसेनाशी होत होती. फार जोरात चालता बाई तुम्ही."

त्याला आजवर असे कुणीही म्हटले नव्हते.

"काय विचारत होतात एवढं घरोघर?"

"असंच. वयस्कर माणसं घरात किती हिंडतात-फिरतात. पायऱ्या चढता येतात का, न्हाणीघरापर्यंत आधाराशिवाय जाता येतं का, तोल जातो का."

ती क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली आणि मग इतकी हसली की चष्मा नाकावरून घसरून दोरीला लोंबकळला. "अगंबाई! म्हणजे माझाच पेपर की हो तो! आणि मीच गैरहजर." हसू आवरत तिने विचारले, "मग, पास झाले का सगळे?"

"बहुतेक," तो म्हणाला. आतून दुकानदाराने विचारले, काका, कव्हर काळे घालू की निळे. कुठलेही, तो म्हणाला. सगळे काळेच घेतात, दुकानदार म्हणाला. मग काळे. प्रती हातात येईपर्यंत बाई बोलतच होती. पायाची जखम भरत नाही, आरोग्य केंद्राची परिचारिका दर आठवड्याला घरी येऊन बांधून देते, तिच्याकडे किल्लीच देऊन ठेवली आहे म्हणजे दारापर्यंतची यात्रा वाचते, पोरगी गुणी आहे पण बोलते फार. "ती नसती तर मी केव्हाच वरच्या लाइनवर लागले असते," ती म्हणाली. त्याने मान डोलावली, येतो म्हणाला, आणि पिशवी छातीशी धरून निघाला. नेमके ती म्हणाली तसे, जोरात.

रस्त्यावर आल्यावर पहिल्यांदा त्याला फक्त बरे वाटले, की बोलणे संपले. हे त्याचे नेहमीचेच. कुणाशीही, अगदी सख्ख्या भावाशी बोलून निघाल्यावरही, त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरायचे. बसथांब्यापर्यंत तो त्या हलकेपणातच चालला. तिथे, बस येण्याच्या दिशेला मान करून उभा असताना, ते हळूच त्याच्या लक्षात आले. दाढेत अडकलेले काहीतरी जिभेला लागावे तसे, आणि मग जीभ तिथून हलेना. म्हातारी माणसे दारापर्यंत चालत येऊ शकतात की नाही हे शोधायला तो निघाला होता, आणि जी दारापर्यंत लवकर आली नाहीत त्यांना त्याने गाळले होते. त्यांच्या जागी पुढचे घर. नियमच तसा होता. सार्वजनिक आरोग्याचा हा अभ्यासक्रम एरवी दोन वर्षांचा; दोन वर्षेवाली मुले बंद घरावर वेगवेगळ्या वेळी पुन्हापुन्हा जातात. पण ज्यांनी आधी आरोग्य खात्यात नोकरी केली आहे त्यांना एका वर्षात पदवी घेता येते, आणि त्यांना क्षेत्रकामात सवलत होती: दार उघडले नाही तर पुढचे घर. सवलत समजावून सांगितली त्या दिवशी त्याला ती जणू त्याच्यासाठीच, कुणीतरी त्याच्या पोटात शिरून लिहिली आहे असे वाटले होते.

टेलिफोनवाल्या बाईच्या पुढच्या घरात कोण होते? आठवले. नुकतेच फिरून आलेले, बूटही न काढलेले एक गृहस्थ. टकटक पुरी व्हायच्या आत दार उघडून "विचारा, विचारा" म्हणाले होते, आणि तो नको नको म्हणत असताना त्यांनी दिवाणखान्यात उठाबशा काढून दाखवल्या होत्या. त्या उठाबशा आता बाईच्या नावावर जमा होत्या. बस आली. तो चढला, बसला, आणि त्याच्या ध्यानात आले की ज्या घरात सून आहे, नातू आहे, नोकर आहे, तिथे म्हातारे माणूस कितीही खिळलेले असो, दार उघडतेच. उघडत नाही ते एकट्याचे. म्हणजे एकटे आणि हळू असे जे कोणी होते, नेमके तेवढेच त्याच्या चाळणीतून खाली पडले होते, आणि वर उरलेल्या धडधाकट लोकांकडे बोट दाखवून शेवटच्या प्रकरणात त्याने लिहिले होते की या वस्तीतील बहुसंख्य ज्येष्ठ स्वतःच्या पायांवर हिंडते-फिरते आहेत, तरी परिचारिकेच्या घरभेटी थांबवून तो वेळ केंद्रातील तपासणीला द्यावा. ते वाक्य त्याने अनेकदा घासून-पुसून घेतले होते. 'तरी' हा शब्द त्याला विशेष आवडला होता.

दार वाजवणे हे त्याला कधी जमलेच नव्हते. लहानपणी आई त्याला शेजारी काहीतरी पोचवायला पाठवायची. तो भांडे हातात धरून परक्या दारासमोर उभा राहायचा, दाराच्या लाकडातल्या रेघा पाहायचा, पलीकडे चाललेले हसणे ऐकायचा, आणि त्या हसण्यात आपण घुसायचे या कल्पनेनेच त्याचे कान तापायचे. मग तो बोटाच्या पेराने दाराला जेमतेम स्पर्श करायचा आणि भांडे घेऊन घरी परत. कोणी नाही, तो सांगायचा. "वाजवलंस की कुरवाळलंस?" आई विचारायची. पुढे हे वाक्य आईने आपल्या सुनेला दागिन्यासारखे दिले, आणि तिने ते रोजच्या वापरात काढले. आरोग्य खात्याच्या सांख्यिकी विभागात त्याचे आयुष्य सुखाचे गेले ते याचसाठी. तिथे माणसे आधीच मोजली जाऊन येत, रकान्यांत शांत बसलेली, त्यांना दारे नसत. तो त्यांची बेरीज करी, टक्के काढी, पानाच्या तळाशी बारीक अक्षरात खुलासे लिही. मुख्य कारकून त्याला तळटीप म्हणत. "आमच्या तळटीपेला विचारा," ते म्हणत, "पण वाकून विचारा, फार खालच्या आवाजात बोलते." सगळे हसत, तोही हसे.

आणि या वर्षी, निवृत्तीनंतर, याच माणसाला वेगाची चव लागली. वर्गातली मुले त्याच्या लेकीपेक्षा लहान. ती त्याला काका म्हणत, आणि परीक्षांचे निकाल लागू लागले तसे काका एक्स्प्रेस म्हणू लागली. जेवताना सगळ्यांत शेवटी ताटावरून उठणारा, वर्तमानपत्र सकाळी धरले तर दुपारपर्यंत न संपवणारा तो, त्याच्यासाठी हे असे काही होते की आरशात दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा दिसावा आणि तो बरा असावा. तरुणपणी वडील गेले आणि त्याने पदव्युत्तर शिक्षण अर्ध्यात सोडून नोकरी धरली, तेव्हापासून त्याच्यात काहीतरी उघडेच राहिले होते, रात्रभर न लावलेल्या खिडकीसारखे. ते आता लागणार होते, सोमवारी. सादरीकरण, टाळ्या, आणि एका वर्षात पदवी घेणारा विभागातला पहिला विद्यार्थी. क्षेत्रकामही त्याने सगळ्यांच्या आधी उरकले, आणि लोक म्हणाले, काय हा उरक. कुणाला काय सांगणार, की दर बंद दारापुढे त्याच्या छातीत एक लहानसा सण होत असे. टकटक, दोन श्वास, कोणी नाही, वा! आणि तो जिना उतरायला लागे. तो वेगवान नव्हता. त्याला फक्त निघून जायची घाई असे.

विभागात शनिवार असूनही त्याची मार्गदर्शक होती. डबा उघडून, डाव्या हाताने उत्तरपत्रिका उलटत जेवत होती. ती त्याला सर म्हणे आणि तो तिला मॅडम, आणि दोघांनाही त्यात थोडे अवघडल्यासारखे होई.

"या सर, बांधून झाल्या? दाखवा." तिने हात पुसून प्रत उघडली. "छान. सोमवारी आरोग्य खात्याचे उपसंचालक येतायत, सांगितलं ना तुम्हाला? खास तुमच्यासाठी."

"मॅडम, ती बंद घरं..."

"कुठली?"

"ज्यांच्याऐवजी आपण पुढचं घर घेतलं ती."

"हां. त्याचं काय? एक वर्षवाल्यांना सवलत आहे."

"ती बंद नव्हती."

तिचा चमचा थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे आतून येत होते. त्यांना यायला वेळ लागतो." मग, तिच्या डोळ्यांकडे न बघता, तिच्या डब्याच्या झाकणाकडे बघत तो म्हणाला, "आपण त्यांना चालता येतं का हेच विचारायला गेलो होतो."

तिला कळले. एका क्षणात कळले, आणि तिला कळल्याचे त्याला दिसले, हेच सगळ्यांत वाईट होते. तोवर आपले काहीतरी चुकत असेल, एखादी जाणकार व्यक्ती हसून समजावून सांगेल, अशी आशा त्याने बसमधून इथपर्यंत सांभाळून आणली होती.

"किती घरं असतील अशी?" तिने विचारले.

"सगळी नसतील. काही खरंच कुलूप लावून गेलेली असतील. पण कुठली कोणती ते मला सांगता येणार नाही. मी थांबलोच नाही."

तिने डब्याचे झाकण लावले. "असं करा सर. 'मर्यादा' म्हणून जो भाग आहे ना, त्यात एक वाक्य टाका. काही घरे बंद आढळल्याने निष्कर्षांवर परिणाम झालेला असू शकतो, वगैरे. सगळ्यांच्या प्रबंधात असतं. माझ्याही होतं."

"आणि शिफारस?"

"तुमच्या एका पानावरून कोणी घरभेटी बंद करत नसतं हो." ती खिडकीबाहेर बघू लागली. तिथे बघण्यासारखे काही नव्हते, पाण्याची टाकी होती. "अर्थात, त्यांना ते पान हवंय खरं. दोनदा फोन आला." मग जरा घाईने, "दुसरा मार्ग म्हणजे ती घरं पुन्हा करायची. तर मग सवलत जाते. पुढच्या वर्षी, दोन वर्षेवाल्यांबरोबर. ते कशाला, सर? या वयात..." ती थांबली आणि लाल झाली.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "बरं." बरं हा त्याचा दरवाजा लावून घ्यायचा शब्द होता. रात्रीपर्यंत ते एक वाक्य पाठवा, ती मागून म्हणाली, मी पान बदलून घेते.

एक वाक्य. घरी येईपर्यंत तो त्या वाक्याशी खेळत राहिला. 'आढळल्याने' की 'असल्याने'? 'आढळल्याने' बरे, त्यात कुणीतरी पाहिल्यासारखे, थांबल्यासारखे वाटते. आयुष्यभर तळटिपा लिहिलेल्या माणसाला याहून सोपे काम दुसरे नव्हते, आणि त्याला स्वतःचीच किळस आली, की वाक्य जमत चालले आहे. मग त्याला ती दारे दिसू लागली. पायपुसणे एकाच बाजूने झिजलेले एक. आत रेडिओ चालू असलेले एक. रेडिओ चालू ठेवून बाहेर गेले असतील, असे तो तेव्हा स्वतःशी म्हणाला होता. आणि ते हिरवे दार, ज्याची घंटा वाजत नव्हती. त्या दारापुढे त्याला आवाज आला होता. जड सामान फरशीवरून ओढावे तसा, थोडा ओढला, थांबला, पुन्हा थोडा. वरच्या मजल्यावर कोणीतरी कपाट सरकवते आहे, असे तो म्हणाला होता, आणि उतरला होता. वरच्याच मजल्यावर होते ते. नक्की. म्हणजे बहुधा.

घरी त्याची बायको इस्त्री करत होती. ती शाळेत खेळ शिकवायची. निवृत्त झाली तरी गळ्यात शिट्टी असल्यासारखीच बोलायची. सोमवारचा सदरा हँगरला टांगलेला होता, कुणी पाहुणा आधीच येऊन उभा राहिल्यासारखा. "आलात? लेकीचा फोन होता. उद्या दुपारच्या गाडीने निघतेय. जावईसुद्धा येतो म्हणाला, म्हटलं ये बाबा, तुझ्या सासऱ्याचा आवाज ऐकायला मिळेल, दुर्मीळ योग आहे."

त्याने सांगितले. त्याला वाटले होते त्यापेक्षा ते थोडक्यात संपले. ती इस्त्री उभी करून ऐकत राहिली.

"मग? तुमच्या मॅडम म्हणतायत ना एक वाक्य टाका? टाका."

"त्या परिचारिकेकडे तिच्या दाराची किल्ली आहे," तो म्हणाला.

"कुणाच्या?"

"टेलिफोनवाल्या बाईच्या. घरभेटी थांबल्या की ती दारापर्यंत येणार, मग रस्त्यापर्यंत, मग केंद्रापर्यंत? ती खुर्चीपर्यंत येते."

बायकोने त्याच्याकडे निरखून पाहिले. मुले खोटे दुखणे सांगून पळायचे टाळायची तेव्हा ती असेच पाहत असणार. "एक विचारू? रागावू नका. हे तुम्ही त्या बाईसाठी करताय, की सोमवारी माइकसमोर उभं राहायला नको म्हणून?"

तो खाली बसला. हाच प्रश्न सकाळपासून त्याच्या मागे मागे चालत होता, पण त्याच्या आवाजात. तिच्या आवाजात तो एकदम अंगाने भरला. सोमवारचे ते सभागृह, खुर्च्यांच्या रांगा, पहिल्या रांगेत उपसंचालक पाय पसरून. महिनाभर तो याच चित्राने दचकून उठत होता. आणि आज अचानक एक म्हातारी खिडकीतून हाक मारते आणि एका वर्षाची सुटका त्याच्या पिशवीत टाकते. किती सोयीची म्हातारी! बंद दारे जशी सोयीची होती तशीच. तो सचोटी समजत होता ती कदाचित पुन्हा एकदा जिना उतरणेच असेल. आणि उलटेही खरे असू शकत होते: सोमवारी उभे राहणे हाच पळ असेल, टाळ्यांच्या दिशेने काढलेला. त्याने दोन्ही बाजूंनी स्वतःला उलटून पाहिले, नाणे पाहावे तसे, आणि दोन्हीकडे भीतीचाच छाप होता. चांगली माणसे चांगले काम कसे करतात? त्यांना आधी कळते का, की आपण हे का करतो आहोत? की ती करतात, आणि कारण मागून, धापा टाकत येते?

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

ती उत्तराची वाट पाहत होती, उत्तर हेच होते हे तिला थोड्या वेळाने समजले. तिने इस्त्रीचे बटण बंद केले. "सगळ्या इमारतीला सांगून बसलेय मी," ती म्हणाली, पण आवाज उतरला होता. "एका वर्षात करतायत म्हणून. समोरचीला तर दोनदा सांगितलं."

"हो."

"तुमच्या वडिलांच्या वेळी तुम्ही सोडलंत तेव्हाही असंच 'बरं' म्हणाला होतात. सासूबाई सांगायच्या. मला वाटत होतं, या वेळी तरी पुरं व्हावं. मला काय करायचीय पदवी? तुम्ही त्या खिडकीशी बसून असता ना, ते बघवत नाही."

तिला ती खिडकी दिसते हे त्याला माहीत नव्हते. मग त्याला एक युक्ती सुचली, आणि ती सुचताच त्याला हुशारी वाटली. त्या हिरव्या दारापाशी जायचे. बघायचे. आवाज वरच्या मजल्यावरून आला असेल तर तो म्हणाला होता ते खरे, तो इतका काही वाईट ऐकणारा नव्हे. मग रात्री ते वाक्य पाठवायचे आणि सोमवारी सदरा घालायचा. वरून नसेल तर नाही. निर्णय आपल्या हातातून काढून एका मजल्याकडे द्यायचा. त्याने चपला घातल्या.

"कुठे निघालात आता?"

"एक दार वाजवायचं राहिलंय."

ती दाराशी आली. मग म्हणाली, "वाजवा हं. कुरवाळू नका."

उन्हे उतरली होती. त्या वस्तीत मुले सायकली चालवत होती, कोणीतरी बाल्कनीत गाद्या झटकत होते. टेलिफोनवाल्या बाईच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता. तो पलीकडच्या पदपथाने गेला, अपराध्यासारखा. हिरव्या दाराच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. जिन्याला गार चुन्याचा वास होता आणि कठड्याचे लाकूड हातांनी गुळगुळीत झालेले होते, फक्त वर वर जाताना ते खडबडीत होत गेले, कारण वर कमी हात पोचत असणार. त्याला धाप लागली. हिरव्या दारापुढे तो उभा राहिला. आधी वाजवायचे नाही, आधी वर पाहायचे, असे त्याने ठरवले होते. त्याने वर पाहिले.

जिना आणखी चार पायऱ्या चढत होता आणि एका पत्र्याच्या दाराशी संपत होता. त्याला कुलूप होते, गंजलेले. फटीतून आकाश दिसत होते. वर मजलाच नव्हता.

हे त्याने तेव्हाही पाहिले असणार. त्या पायऱ्या, ते कुलूप, ते आकाश त्याच्या डोळ्यांपुढे असतानाच तो म्हणाला होता, वर कोणीतरी कपाट सरकवते आहे. तो कठड्याला धरून उभा राहिला. त्याला वाटले होते लाज वाटेल, पण आले ते दुसरेच. एखाद्या गणिताची बेरीज बऱ्याच वेळाने जुळावी आणि ती तोट्याची असावी तसे, मोकळे आणि कोरडे.

त्याने वाजवले. आवाज जिन्यात इतका मोठा घुमला की तो स्वतःच दचकला. खालच्या मजल्यावर कुत्रे भुंकले. आत काही नाही. दोन श्वास. पाय आपोआप वळले, टाचा उचलल्या गेल्या, सगळे शरीर उतरायला तयार झाले, घोडा घराच्या दिशेला ओढ घेतो तसे. तो थांबला. त्याला काय करावे ते कळेना. थांबताना माणसे हातांचे काय करतात? त्याने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. दाराच्या रंगाचे पोपडे पाहिले. पुन्हा वाजवले.

आणि तो आवाज आला. ओढल्याचा. थांबला. पुन्हा ओढल्याचा, लाकडी पायांचा फरशीवर, आणि मध्ये मध्ये धाप. कोणीतरी खुर्ची पुढे ढकलत तिच्या आधाराने येत होते.

त्याच वेळी खिशातला फोन वाजला. मार्गदर्शक. "सर, ते वाक्य पाठवताय ना? मी छपाईला थांबलेय."

"मॅडम, सोमवारी मी येत नाही."

"सर—"

"पुढच्या वर्षी येईन. सगळ्यांबरोबर. आणि ते शिफारशीचं पान कुणाला देऊ नका, ते चुकलंय. तसं उपसंचालकांना सांगायचं असेल तर मी सांगतो. फोनवर नको, समोर येऊन सांगतो." आपण हे काय बोललो, त्याच्या मनात आले, पण शब्द निघून गेले होते.

"तुम्ही आत्ता आहात कुठे?" तिने विचारले.

"दारात," तो म्हणाला, आणि फोन खिशात टाकला.

आत आवाज बंद झाला होता. त्याने कान दिला. काही नाही. बाहेरच्या बोलण्याने असेल किंवा दमल्यामुळे असेल, पण पलीकडचे माणूस अर्ध्या वाटेत थांबले होते. आणि त्याला एकदम उमगले की आत कोणीतरी आता त्याचाच हिशेब करते आहे: दार वाजवणारे गेले असेल का, पुढचे अंतर चालावे की परत फिरावे. आजवर किती जण असे परत फिरले असतील! त्याला ओरडावेसे वाटले, आणि त्याच्या घशाला ओरडणे ठाऊक नव्हते. लेक लहानपणी पडली तेव्हाही तो ओरडला नव्हता, नुसता धावला होता. त्याने दाराच्या फटीशी तोंड नेले, मग मागे घेतले, ताठ उभा राहिला.

"मी आहे!" तो मोठ्याने म्हणाला. खालचे कुत्रे पुन्हा भुंकले. "गेलो नाही. तुम्ही सावकाश या, मी थांबलोय."

आत थोडा वेळ काहीच झाले नाही. मग खुर्ची सरकली.